चाळिसातल्या पाच पुंगळ्या

अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये मराठी मंडळींचं पॉटलक, म्हणजे घरोघरचे डबे आणून जेवण, असलं की मला एक किस्सा हमखास सांगायला लावतात. "ती चिंचेची गोष्ट सांग ना!" अशी फर्माईश होते. मी हातातली प्लेट खाली ठेवते, नसलेला पदर खोचते आणि सुरू होते. रायफलीच्या चाळीस पितळी पुंगळ्या मी चिंच आणि मीठ लावून, देवाची उपकरणी घासावीत तशा घासल्या आणि ओट्यावर पंच्यावर वाळत मांडल्या. नवरा सकाळी कॉफी करायला आला आणि दारातच थबकला.

"हे काय आहे?"

"पुंगळ्या. गोळी उडाल्यावर उरतात त्या. परत भरायच्यात."

"यार, पोह्यांच्या डब्याशेजारी? आपल्याला किती वेळा डिस्कस करायचंय हे?"

"रिकाम्या आहेत रे. तुझ्या डोक्याइतक्या निरुपद्रवी."

लोक खदखदून हसतात आणि मी तिथेच थांबते. पुढचं मला ठाऊक आहे आणि काकांना. काका हल्ली पॉटलकला येत नाहीत.

काका माझ्या नात्याचे नव्हेत, सगळ्या गावाचे काका. पंच्याहत्तरीचे, निवृत्त सर्जन, आमच्या कितीतरी आधी या देशात आलेले. त्यांना शिकारीचा नाद. आमच्यातल्या निम्म्या घरांत अंडंसुद्धा फ्रिजच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसतं, तिथे हे हरणाचं मांस डब्यातून आणायचे. कोणी नाक मुरडलं की म्हणायचे, "चाळीस वर्षं माणसं कापली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही!"

मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्यांच्या कामातले दोष काढायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, याहून आनंदाची नोकरी मला माहीत नाही. काकांनी एकदा मला गंमत म्हणून रायफल रेंजवर नेलं, नंतर आपल्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायला बसवलं. "तुझे डोळे चांगले आहेत," म्हणाले. "तोंड जरा कमी चालव."

त्या गॅरेजमध्ये मी पितळ शिकले. म्हणजे असं: गोळी उडते तेव्हा पुंगळी फुगते आणि रायफलीच्या पोकळीला सगळीकडून चिकटते. परत भरण्याआधी तिला प्रेसमध्ये दाबून मूळ मापावर आणायची. जरुरीपेक्षा जास्त दाबली, तर पुढच्या वेळी तिला तितकंच ताणावं लागतं. दर खेपेला थोडी लांब होते. तोंडाशी वाढलेलं कापून टाकता येतं, पण ते पितळ येतं कुठून? बुडाच्या जरा वरून. तिथली भिंत आतून पातळ होत जाते आणि एक दिवस पुंगळी तिथेच तुटून दोन तुकडे होतात.

"नवीन का नाही घेत?" मी विचारलं होतं.

"नव्याचा भरवसा काय? स्वस्तातली घेतलीस तर एका बाजूला भिंत जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. ही माझी जुनी चांगल्या घरची आहे. फक्त तिचं वय माहीत पाहिजे."

वयाच्या चिठ्ठ्या काकू लिहायच्या. प्रत्येक डब्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी असायची: 'दोनदा उडवलेल्या', 'चारदा, आता पुरे'. काकू गेल्या आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. काकांनी डबे एकमेकांत ओतले. मग वय ओळखायचे दोनच उपाय उरले. एक, बुडाच्या वर बाहेरून चमकदार कडं दिसतं का ते बघायचं. मळक्या पितळावर ते लगेच दिसतं. दुसरा, टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून ओढायची. आत खाच पडली असेल तर तार अडखळते. काकांच्या मते दुसरा उपायच खरा. "हे पॅल्पेशन आहे, पोरी. डोळे फसतात. बोट फसत नाही."

आमच्या राज्यात एल्कची, म्हणजे सांबराहून थोराड हरणाची, शिकार करायची तर सोडतीत परवाना लागावा लागतो. काका मोठ्या नराच्या परवान्यासाठी सतरा वर्षं अर्ज करत होते. त्या वर्षी लागला. फोनवर त्यांचा आवाज इतका चढला होता की मला वाटलं, कुणाला तरी नातवंड झालं.

पण तोवर त्यांचे हात कापायला लागले होते. टेकूवर ठेवून रायफल चालवता येई, मात्र बारूद मोजून भरणं जमत नव्हतं. चाळीस पुंगळ्यांची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "यातल्या वीस चांगल्या निवड आणि भर. प्रत्येकीत तार घाल. आणि आधी तार, मग धुणं. उलटं करायचं नाही."

मी उलटं केलं. पितळ हातात आलं की घासायचं, हे माझ्या हाडात आहे. दोन संध्याकाळी चिंच कोळत बसले. पुंगळ्या अशा झळकल्या की सोनाराने मान खाली घालावी. नवऱ्याला दाखवल्या, मुलीला दाखवल्या. मुलगी म्हणाली, "मॉम, दॅट्स सो एक्स्ट्रा." म्हणजे 'अतीच करतेस', पण मला ते कौतुक वाटलं.

आता सगळंच चमकत होतं. कुठलं कडं आणि कुठलं काय! तार तेवढी उरली होती. पहिल्या पाच पुंगळ्यांत घातली. गुळगुळीत. सहावी हातात घेतली आणि कारखान्यातली बाई जागी झाली. आम्ही हजारातल्या थोड्या तपासतो आणि सगळ्या पास करतो. पाच ठीक म्हणजे सगळ्या ठीक. पण कारखान्यात त्या हजार एका दिवशी, एका यंत्रातून निघालेल्या असतात. या चाळीस निरनिराळ्या वर्षांच्या, चिठ्ठ्या हरवलेल्या. एवढं मला कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळत होतंही. कंटाळा आला होता.

वीस भरल्या. काकांचा फोन आला.

"प्रत्येकीत तार घातलीस ना?"

"हो काका."

"चाळीसच्या चाळीस?"

"चाळीसच्या चाळीस! तुम्ही बघाच, नवऱ्या मुलीसारख्या नटवल्यात."

मला सुचलेल्या वाक्यावर मीच हसले. तेही हसले. नंतर डबा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, "पूजेला बसवायच्या आहेत का गं या?" चिंच म्हटल्यावर भुवया वर गेल्या, पण बोलले एवढंच, "तार घातली आहेस म्हणून ठीक आहे."

फ्लॅगस्टाफच्या पलीकडच्या पाइनच्या रानात आम्ही गेलो. सोबतीला आणि गाडी चालवायला मी. परवाना सात दिवसांचा होता. सहा दिवस माद्या, पिल्लं आणि लांबून ऐकू येणारी नराची शीळ. सातव्या दिवशी उन्हं कलती झाली तेव्हा मोकळ्या गवतात तो आला. एवढं मोठं जनावर इतकं हलक्या पायांनी चालतं, यावर विश्वास बसत नाही. काका टेकूमागे बसले, चष्मा सारखा केला, श्वास सोडला.

बार झाला. गोळी त्याच्या पाठीवरून पलीकडच्या ओंडक्यात गेली. हात हलला असणार. नर दचकला, चार ढांगा टाकल्या आणि उभा राहिला. आवाज कुठून आला ते त्याला समजलं नव्हतं. पूर्ण बाजू देऊन, मान वर करून तो इकडेतिकडे बघत होता.

काकांनी रायफलीचा बोल्ट मागे ओढला. बाहेर आलं ते अंगठ्याच्या पेराएवढं बूड. बाकीची पुंगळी आत अडकून बसली होती. त्यांनी दुसरं काडतूस ढकललं. ते अर्ध्यावर अडलं. पुन्हा ढकललं. तुटलेल्या पुंगळीतून मागे आलेल्या धगीने त्यांच्या गालावर काजळीचा पट्टा उठला होता. चष्मा नसता तर तो डोळ्यात गेला असता.

"काका, काढायचं हत्यार?"

"गॅरेजात," ते पुटपुटले. "न्यायची गरज नाही, म्हटलं."

नर बराच वेळ उभा होता. मला तर वाटलं, आमची वाट बघतोय. मग डोकं खाली घालून दोन घास गवत खाल्लं आणि झाडांत शिरला.

काकांनी ते बूड तळहातावर घेतलं. तुटलेल्या कडेवरून नख फिरवलं. एका बाजूला भिंत कागदासारखी झाली होती.

"ही एका दिवसात झालेली नाही," ते म्हणाले. "तार अडली असती. किती बघितल्यास?"

"पाच."

"मला किती सांगितल्या होत्यास?"

मी काडतुसांच्या डब्याचं झाकण लावलं.

परतीच्या वाटेवर दोन तास ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मला राहवेना. "काका, परत अर्ज करू. मी करते. फॉर्म, सगळं."

"कर की," ते म्हणाले. "परत सतरा वर्षं लागली तर मी ब्याण्णवचा असेन. तेव्हा तरी सगळ्या तपासशील?"

आवाजात राग नव्हता. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना वापरत असतील तसला आवाज.

उरलेली एकोणीस काडतुसं मी मोकळी केली आणि हॅकसॉने उभी चिरली. पाच पुंगळ्यांत धडधडीत खाचा. साध्या डोळ्यांना दिसतील अशा. ट्रेमध्ये मांडून काकांकडे घेऊन गेले. का, ते मला सांगता येणार नाही. माफी मागायची पद्धत असेल माझी, किंवा पुन्हा एकदा प्रेक्षक हवा असेल.

त्यांनी ट्रे बघितला, दोन तुकडे उचलून उजेडात धरले. "चांगली चिरली आहेस," म्हणाले. मग चहा केला. कप माझ्यापुढे ठेवला, बशीत सांडलेला चहा स्वतःच पुसला. मुलीची कॉलेजं विचारली, नवऱ्याची पाठदुखी विचारली. गॅरेजचं दार उघडं होतं. ज्या टेबलावर प्रेस बसवली होती तिथे नुसती स्क्रूंची चार भोकं उरली होती.

"कुणाला दिलीत?" मी विचारलं.

"रेंजवरच्या एकाला. एकेक तपासून बघतो तो, सावकाश काम करतो," ते म्हणाले. "साखर पुरे ना?"