उभ्या बाईचं खुरपं

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला उकिडवं बसता येत नव्हतं. कुणाला सांगितलं तर हसतील, पण खरंच येत नव्हतं. माझे वडील शेती भावांवर सोपवून जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानावर कामाला लागले होते, आणि आमच्या दोन खोल्यांत शहाबादी फरशीचा ओटा होता. आई उभ्यानं स्वयंपाक करायची, मीही तेच शिकले. वडीगोद्रीजवळच्या सासरच्या गावात मात्र सगळं जग जमिनीला टेकलेलं. चूल खाली, भांडी घासायची खाली, धान्य निवडायचं खाली. आणि खुरपणी तर तासन्‌तास तशीच.

आमच्याकडे खुरपणी सावडीनं व्हायची. आज आमच्या रानात सगळ्या बाया, उद्या त्यांच्या रानात आम्ही. पैशाचा संबंध नाही, कामाची फेड कामानं. प्रत्येकीनं पिकाच्या काही ओळी घ्यायच्या, तिला पात म्हणायचं, आणि सगळ्यांनी बरोबरीनं पुढे सरकायचं. मी ऐंशीच्या दशकातली नवी नवरी, माझी पात कायम मागे. पायांना मुंग्या आल्या की मी धपकन मातीत बसायचे आणि रांगेत खसखस पिकायची.

मला मात्र वेगळंच कुतूहल. या बाया न उठता चालतात कशा? वजन कुठल्या पायावर घेतात? एकदा सासूबाईंना विचारलं. त्यांना सगळे आत्याबाई म्हणत, मीही म्हणायचे.

"बसायचं आन् सरकायचं," त्या म्हणाल्या. "त्यात काय इचारायचं? जालन्यात शाळंत हेच शिकवलं का?"

मग मी माझ्यापुरता मार्ग काढला. सुताराकडून कमरेपर्यंत येईल असा बाभळीचा दांडा करून घेतला, लोहाराकडून खुरप्याची मान वाकवून त्यात बसवली. पहिल्याच दिवशी उभ्यानं खुरपत सगळ्यांच्या आधी बांधाला पोचले. छाती फुगवून उभी राहिले. आत्याबाई माझ्या पातीतून सावकाश चालत आल्या. कपाशीतल्या मुगाच्या रोपांची मुंडकी उडाली होती, तांदुळज्याचा चुरा झाला होता.

"ही खुरपणी न्हाई," त्या म्हणाल्या. "ही हजामत हाये."

संध्याकाळी सगळ्यांच्या ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी अशा रानभाज्या. माझी ओटी रिकामी. तेव्हा कळलं की या बाया नुसतं तण काढत नाहीत, काय ठेवायचं ते निवडतात, आणि त्यासाठी डोळे जमिनीजवळ लागतात. माझं खुरपं माळ्यावर गेलं आणि मी हळूहळू बसायला शिकले.

नव्वदीचं दशक सरता सरता आत्याबाईंचे गुडघे गेले. त्या कबूल करायच्या नाहीत. उठताना पायात काटा मोडल्याचं सोंग करायच्या, तेवढ्यात एक हात जमिनीवर टेकवून घ्यायच्या. मला बरोबर दिसायचं. माझे मालक म्हणाले, "वडीगोद्रीला दुकानात तणनाशक भेटून राह्यलंय. फवारलं की झालं. काहून गुडघे फोडून घेती, माय?"

"मंग मूग कुठं जाईल? भाजी कुठं जाईल?" आत्याबाई उसळल्या. "आन् सावडीच्या बायांला काय सांगू, तुमची गरज सरली?"

मी माळ्यावरून दांडा काढला. म्हटलं, आत्याबाई, रोपाजवळचं मी बसून काढते, ओळींमधलं तुम्ही उभ्यानं काढा, म्हणजे काहीच वाया जायचं नाही. माझ्या मते अडचण सुटली होती. त्यांनी दांड्याला हातसुद्धा लावला नाही.

"खुरपणीत उभं कोण ऱ्हातं, सांग बरं?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच सांगितलं.

"रानाचा मालक. न्हाई तर मुकादम. बाया खाली वाकलेल्या आन् मी त्यांच्या डोक्यावर उभी? आमी बराबरीच्या हाव."

दांडा करून घेताना मी कमरेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं होतं. बसलेल्या बाईपासून उभ्या बाईपर्यंतही अंतर असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कितीतरी दिवस मी तेच घोळवत राहिले.

पुढची सावड शेजारच्या रानात होती. आत्याबाई हट्टानं बसल्या. दुपारनंतर त्यांची पात मागे पडायला लागली, पण बांधाला मात्र त्या सगळ्यांबरोबर पोचल्या. डाव्या-उजव्या बाजूच्या बायांनी गुपचूप त्यांच्या ओळी खुरपल्या होत्या. मला वाटलं, किती चांगल्या बाया. आत्याबाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. जेवल्या नाहीत.

"आज वढून घेतलं त्यांनी मला," त्या पदरात तोंड घालून म्हणाल्या. "असं किती दिस वढतील? फेड न्हाई झाली की सावड सुटली. मंग मी कुणाची?"

त्यांना गुडघ्यांचं काहीच वाटत नव्हतं, त्या रांगेतून गळण्याला भीत होत्या.

मग आमच्या रानाची पाळी आली. सकाळी आत्याबाईंनी स्वतःहून लांब दांड्याचं खुरपं उचललं. शेतात बाया ओळीनं बसल्या. आत्याबाई आपल्या पातीवर उभ्या. त्यांना पाहून कुणी खुरपं चालवेना.

आत्याबाई खणखणीत बोलल्या. "मला आता खाली बसवत न्हाई. बराबरीनंच काम करायचं असंल तर तुमी उठा."

मग रांगेतली सगळ्यांत जुनी बाई, एके काळी मेंढरांमागे रानोमाळ फिरलेली, दोन्ही हात जमिनीवर टेकवून उठली. पुरती सरळ व्हायला तिला बराच वेळ लागला. एक हात कमरेवर ठेवून तिनं दुसरा आत्याबाईंच्या खुरप्याकडे पुढे केला.

"इकडं आन ते. किती वर्षं झाली माही कंबर धरून राह्यली," ती म्हणाली. "पर बोलले आस्ते तर तूच मला सावडीतून काढलं आस्तं."

"मी?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातलं खुरपं तिनं कधी घेतलं, ते त्यांना कळलंही नाही.