मनस्विनीचा वेगळा पायथन

मनस्विनी लिमये आमच्या कॉलेजच्या वाचनालयात सहा वर्षं होती आणि सहा वर्षं कोपऱ्यातल्या त्या संगणकाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. लावायची कुणाची छातीच नव्हती. त्यावर नेहमीचं विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. पुस्तकांची देवघेव, मुलांची कार्डं, सगळं तिच्या हातात. मी तिथली क्लार्क, पद्मजा. शिक्के मारायचे आणि संस्थेच्या दापोलीच्या शाखेत बदली होण्याची वाट बघायची, हे माझं काम. नवरा दापोलीला शिक्षक. शनिवारी एसटीने यायचा, रविवारी परत. माझा अर्ज मेला तीन वर्षं पडून होता.

२००५च्या मे महिन्यात मनस्विनीला, आमच्या मनूला, पुण्यात नोकरी लागली. एक जूनला हजर व्हायचं होतं. प्राचार्यांनी राजीनामा हातात घेतला नि म्हणाले, "मराठी पुस्तकांची यादी अकारविल्हे लावून द्या, नव्या प्रिंटरवर कार्डं छापून द्या, मग मोकळं करतो."

यादी लावणारा प्रोग्राम बाहेरच्या कुणीतरी लिहिलेला. तो ज्या भाषेत लिहिला होता त्या पायथनची नवी आवृत्ती त्याला हवी होती आणि संगणकात होती जुनी. मनूने घाईत जुना पायथन काढून त्याच्याच जागी नवा बसवला. यादी झकास लागली. दुपारी प्रिंटर जोडायला गेली तर पडद्यावर त्याची खिडकीच उघडेना. नवीन काही बसवायची सोयही बंद. लिनक्सची स्वतःची अवजारं त्या जुन्या पायथनवर चालत होती ना!

"पद्माताई, मी मेले," ती म्हणाली. "सर आता मला सोडत नाहीत."

"रडू नको गो. आधी चहा घे."

चार दिवस ती तिथून हलली नाही. एक नीट करावं तर दुसरं मोडायचं. फोनच्या लायनीवरचं इंटरनेट ऐन वेळी तुटायचं. वडील घरून रोज विचारायचे, पुण्याचं तिकीट काढू का? मला बघवेना.

पाचव्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "आमच्याकडे दोघी जावा एका चुलीवर होत्या तोवर रोज मिठावरून भांडण. चुली वेगळ्या केल्या, आता सणाला एकमेकींना वाढतात. तुझ्या ह्या दोघांना एकाच चुलीवर कशाला बसवलंस?"

"मला ठाऊक होतं हो ताई. सगळीकडे लिहिलेलं असतं. घाई नडली."

मग तिने लिनक्सच्या सीडीवरून जुना पायथन त्याच्या जागी परत आणला. नव्याला वेगळा फोल्डर दिला, त्याचं सगळं सामान तिथेच ठेवलं, आणि फक्त यादीच्या प्रोग्रामला तो पत्ता सांगितला. यादी लागली. प्रिंटरही सुरू झाला. कार्ड छापून बाहेर आलं तेव्हा मनू हसली, चार दिवसांत पहिल्यांदा.

प्राचार्य आले, कार्ड उलटसुलट करून बघितलं. "वा! म्हणूनच सांगतो, तुमच्यानंतर हे सांभाळणारी दुसरी व्यक्ती नाही. एक वर्ष थांबा."

मनूचा चेहरा पांढराफटक पडला. माझं डोकंच फिरलं.

"आहे की! मी आहे," म्हटलं. "तिने शिकवलंय मला सगळं."

खोटं हो, साफ खोटं! मला माऊस धरता येत नव्हता. पण सरांनी सही केली. मनूने दोन दिवस बसून मला एक वही लिहून दिली. पहिल्याच पानावर लाल शाईने होतं, "ताई, जुन्या पायथनला हात लावायचा नाही." हायवेवर हातखंब्याला पुण्याच्या गाडीत बसताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले.

जुलैत माझ्या बदलीच्या अर्जाला उत्तर आलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. "सदर कर्मचाऱ्यानंतर संगणक सांभाळणारी दुसरी व्यक्ती उपलब्ध नसल्याने अर्ज नामंजूर."

कागद मी मनूच्या वहीत ठेवला. शनिवार होता. संगणक बंद केला आणि नवऱ्याला काय सांगायचं त्याचा विचार करत एसटी स्टँडवर गेले.