हिराजीभाऊंची टिकली

कलावंताची थोरवी त्याच्या साधनांत नसते, त्याच्या दृष्टीत असते. हे वाक्य हिराजीभाऊंच्या स्टुडिओत सोनेरी चौकटीत लावलेले होते, आणि त्याच्या बरोबर खाली, टेबलावर, हातभर लांबीची पांढरी लेन्स तोफेसारखी उभी असे. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला माणूस वाक्याकडे बघत नसे. तो लेन्स उचलून बघे आणि समाधानाने म्हणे, "हां, जड हाय."

भिवंडीत माझे वह्या-पुस्तकांचे दुकान या स्टुडिओला लागूनच आहे. गिऱ्हाईक नसले की मी वाचत बसतो, आणि गिऱ्हाईक बहुधा नसतेच. म्हणून हिराजीभाऊंनी माझे नाव 'वाचनालय' ठेवले होते. सकाळी अंजूर गावातल्या घरून रिक्षाने आले की शटर वर करता करता ओरडत, "काय वाचनालय, आज तरी पुस्तक विकनार का सोताच संपवनार?"

आसपासच्या गावांत शेतांवर गोदामे उभी राहिली, तशी लग्ने वाढत गेली. मांडव वाढला, जेवणातल्या भाज्या वाढल्या, डीजेच्या भिंती वाढल्या आणि लेन्सही वाढल्या. यांपैकी फक्त शेवटची गोष्ट हिराजीभाऊंच्या खांद्यावर होती. वीस-बावीस वर्षे ती वाहिल्यावर एके दिवशी त्यांचा उजवा हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणे बंद करा, नाहीतर पुढे केसही दुसऱ्याकडून विंचरून घ्यावे लागतील.

घरी याचा अर्थ सरळ लावण्यात आला. अंजूरला त्यांच्या दोघा भावांनी वाट्याच्या जमिनीवर गोदाम बांधून भाड्याने दिले होते. त्याच्या फाटकाशी एक प्लास्टिकची खुर्ची होती. आत येणाऱ्या ट्रकांचे नंबर वहीत लिहायला घरचा माणूस बरा, असे भावांचे मत होते. "दादा, सावलीत बसायचंय, काय तरास हाय?" धाकटा विचारी. त्या खुर्चीचा विषय निघाला की हिराजीभाऊंचा चेहरा उतरायचा. मला म्हणाले, "तितं बसलो ना वाचनालय, तर वर्साच्या आत मीपन मालच व्हनार. नंबर टाकून ठेवलेला."

आठवडाभराने ते मुंबईहून आले आणि माझ्या काउंटरवर एक काळी चकती ठेवली. दोन बिस्किटे एकावर एक ठेवावीत एवढी जाड. मला ते कुठल्या तरी लेन्सचे झाकण वाटले, आणि तसे मी म्हणालो.

"झाकन नाय, आख्खी लेन्स हाय," ते म्हणाले. ती त्यांनी एका छोट्या कॅमेऱ्याला फिरवून बसवली आणि सगळा ऐवज सदऱ्याच्या खिशात टाकला. खिसा जरा फुगला, इतकेच. मग उजवा हात जाईल तितका वर नेऊन त्यांनी माझा फोटो काढला. हात कानापर्यंतच गेला, पण तेवढा पुरला.

तिला झूम नव्हते. लांबचे जवळ आणायची सोय नाही, आपणच चालत जवळ जायचे. त्याचे हिराजीभाऊंना दुःख नव्हते. "झूम म्हंजे आलस. पाय हायेत ना?"

गिऱ्हाइकांना मात्र दुःख होते. पहिल्याच लग्नात नवरीच्या मामाने कॅमेरा बघितला आणि भर मांडवात विचारले, "भाऊ, ही लेन्स हाय का टिकली?" माणसे हसली, नाव चिकटले आणि त्या हंगामात तीन ऑर्डरी दुसरीकडे गेल्या. मोठी लेन्स उचलवत नाही आणि छोटी कोणाला चालत नाही, अशी गत झाली. धाकट्या भावाने फाटकाजवळच्या खुर्चीसाठी उशी आणली.

अशात शेलार गावच्या दामाशेठकडे थोरल्या मुलीचे लग्न निघाले. दामाशेठ म्हणजे वाढदिवसाला स्वतःचे फ्लेक्स चारी रस्त्यांना लावणारा माणूस. ऑर्डर देताना त्यांनी मोठी लेन्स उचलून पाहिली आणि बजावले, "हीच पायजे. टिकली-बिकली नाय चालनार." हिराजीभाऊ म्हणाले, "शेठ, ही मांडवात असंल म्हंजे असंल." ते खरेच बोलले होते.

लग्नाच्या आदल्या सकाळी, हळदीच्या विधींपासूनच, ती लेन्स मांडवात हजर होती. स्टेजसमोर तिपाईवर, एका जुन्या बंद कॅमेऱ्याला लावलेली. मला आमंत्रण होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिले. पाहुणे तिच्यासमोर येत, पदर सारखे करीत, पोट आत घेत आणि गंभीर होत. हिराजीभाऊ कडेला उभे राहून फोटो काढत, ते पाहुणे गंभीर होण्याच्या अगोदर, म्हणजे पुढे कोणी उभे राहायचे यावर भांडत असताना. "झाला का?" कोणीतरी विचारी. "कवाच," ते म्हणत.

मग धवलारीण आली. आगरी लग्नात विधींची गाणी, म्हणजे धवले, म्हणायचा मान तिचा. या हौसामाय सत्तरीच्या पुढच्या. यापूर्वी प्रत्येक लग्नात मोठी लेन्स रोखली की त्यांचा आवाज बंद व्हायचा. "मेल्या, ती तोफ बाजूला कर, मना शब्द आठवत नाय," म्हणायच्या. या वेळी हिराजीभाऊ त्यांच्यापासून दोन हातांवर जमिनीवर मांडी घालून बसले. म्हातारीने एकदा त्यांच्या हाताकडे पाहिले, तिला तिथे भीती वाटण्यासारखे काही दिसले नाही, आणि ती डोळे मिटून गात राहिली.

मी घरी जाता जाता विचारले, "हिराजीभाऊ, ही फसवणूक नाही का?"

"कसली फसवनूक? त्यांना दिसायचं व्हतं, त्यांना दिसू दिलं. मना बगायचं व्हतं, मी बगितलं."

पण अल्बम घेऊन दामाशेठकडे निघाले तेव्हा ते मला सोबत घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "आज शेठ बिघडला तर उद्यापासून खुर्ची."

दामाशेठ पाने उलटत होते. एका पानावर थांबले. हौसामाय गात आहेत, त्यांचा हात नवरीच्या गुडघ्यावर आहे, नवरी ओठ चावून बसली आहे, आणि मागे मांडवाच्या खांबाआड, कोणाला दिसत नाही अशा समजुतीने, दामाशेठ टॉवेलात तोंड खुपसून रडत आहेत.

"ह्यो कवा काढलास?"

"हौसामाय गात व्हती तवा."

"मोठीनं?"

इथे एक 'हो' पुरला असता. हिराजीभाऊ म्हणाले, "नाय शेठ. टिकलीनं. मोठीच्या कॅमेऱ्यात तर बॅटरीच नव्हती."

"म्हंजे माजं सगलं पावनं बंद कॅमेऱ्याम्होरं उबं व्हतं?"

"हां. तुमचं आमदार सायेबपन."

आधी हसल्या त्या शेठाणी. माजघरातून त्यांचा आवाज आला, "बरं झालं! पोट आत घेऊन घेऊन अर्धं जेवलंपन नाय कोनी!" दामाशेठ हसले नाहीत. मग अल्बम मिटून म्हणाले, "धाकटीचं लगीन माघात हाय. दोन्ही आन. मोठी पावन्यांना, टिकली मना."

उशी कोणीतरी घरातल्या मांजरीला दिली.

पुढची सहा वर्षे हिराजीभाऊ त्याच पद्धतीने लग्ने करत राहिले. कॅमेरा खिशातच असल्यामुळे लग्नाबाहेरचेही फोटो निघू लागले. मागच्या गल्लीतल्या कापडाच्या पॉवरलूमवर शिफ्ट बदलताना कारागीर बाहेर आले, की हे तिथे हजर. "चाचा, एक और. घर भेजना है," म्हणत ती पोरे मागांच्या खडखडाटासाठी कानांत घातलेला कापूस काढत. कॅमेरा सतत खिशात कशाला, असे मी विचारले की ठरलेले उत्तर मिळे, "कपाटातल्या कॅमेऱ्यानं कपाटाचाच फोटो येतो." खांदाही निभावला. शेवटच्या वर्षी हात डोक्यापर्यंत पोचत होता आणि केस ते स्वतःच विंचरत होते.

गेल्या हिवाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. सकाळी एक साखरपुडा करून आले होते.

तालुक्यातल्या फोटोग्राफरांनी भिवंडीत शोकसभा घेतली. अध्यक्ष पाऊण तास बोलले. हिराजीभाऊंनी आपल्या हाती दिलेला कॅमेरा आपण कधीही खाली ठेवणार नाही, अशी शपथ त्यांनी सर्वांना उभे करून घ्यायला लावली. मीही घेतली. त्यानंतर वर्तमानपत्रात द्यायला सभेचा एक फोटो हवा, अशी सूचना आली. हॉलमध्ये चाळीस फोटोग्राफर होते. कॅमेरा एकानेही आणला नव्हता.