डाग काळं पडाय लागल्यात

"चारशेच्या आत बसंल असं सिरम द्या की मॅडम. डागावरचं."

हे म्हणताना ती बाई आधी डावीकडं बघत होती, मग उजवीकडं. संध्याकाळची वेळ, काउंटरवर पाचसहा गिऱ्हाइकं, आणि हिच्या तोंडाला घट्ट स्कार्फ. मी म्हणाले, "स्कार्फ काढा, त्याशिवाय काय देऊ?" तिनं तो निम्मा खाली ओढला. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी पट्टे. वांग.

मी फार्मासिस्ट. कोल्हापुरात एका मेडिकल दुकानात सत्तावीस वर्षं उभी आहे. दुकान अण्णांचं, औषधं देण्याची जबाबदारी माझी. गिऱ्हाईक मला पठाण मॅडम म्हणतं, आणि पाठीमागं काय म्हणतं तेही मला माहीत आहे. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की दुकानातला पंखासुद्धा हळू फिरतो, असं अण्णा म्हणतात. हे आधीच सांगते, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

बाईचं नाव रूपाली. हुपरीची. घरातच पैंजणांचं काम. नवरा चांदीची तार ओढून कड्या पाडतो, ही त्या कड्या झाळते. झाळणं म्हणजे ज्योतीनं सांधा जोडणं. तोंडापासून वीतभर अंतरावर गॅसची ज्योत, दिवसाचे सात-आठ तास.

"मग वांग येणारच," मी म्हणाले. "उन्हानं जसं येतं तसं आगीच्या धगीनंही वाढतं. ज्योत तोंडापास्नं लांब धरता येईल का?"

"लांब धरलं तर सांधा कसा दिसंल?"

ते खरंच होतं. मग मी तिला सिरम दाखवलं. सिरम म्हणजे पाण्यासारखं पातळ औषध, चार थेंब तोंडाला लावायचे. महागातलं म्हणजे चांगलं असं अजिबात नाही. दीड हजाराच्या बाटलीत निम्मे पैसे बाटलीचेच असतात. मी बघते ते एवढंच: आत काय आहे आणि किती टक्के आहे ते लिहिलंय का, लायसन्स नंबर आहे का, कंपनीचा पत्ता आहे का. तिला मी नायसिनामाइडचं दिलं. ते ब जीवनसत्त्वाच्याच घराण्यातलं, सहसा त्रास न देणारं, आणि तिच्या चारशेत बसणारं. सोबत सनस्क्रीन घ्या म्हटलं. ते चारशेत बसेना.

"एकच घ्यायचं असलं तर सनस्क्रीन घ्या," मी म्हणाले.

"न्हाय मॅडम, सिरमच पायजे. दिराचं लगीन हाय. सासू म्हणती, असलं वांगाचं तोंड घिऊन हळदीला फुडं येऊ नगंस."

मला सासूचा राग आला आणि मी तो रूपालीवर काढला. सात दिवसांत गोरं करणाऱ्या कसल्या कसल्या क्रीमा बायका तोंडाला फासतात, मोबाईलवर बघतात आणि अक्कल गहाण टाकतात, असं बरंच बोलले. आणि त्याच दमात विचारलं, "तुम्ही असलं काही लावत नाही ना?"

"काय न्हाय. साधी किरीम हाय."

कोणती, हे विचारायला हवं होतं. पण मागचा माणूस इन्सुलिनसाठी ओरडत होता, आणि एवढं ऐकून घेतल्यावर कुठली बाई खरं सांगेल? बिल केलं, बिलावर दुकानाचा नंबर होता तो दाखवला. काही वाटलं तर फोन करा म्हटलं. ती गेली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. नेमका दुपारी, माल उतरवायच्या वेळेला. खोकी मोजता मोजता मी फोन खांद्यात धरला.

"मॅडम, हुपरीची रूपाली बोलतोय. एक इचारायचं हुतं. किरीम लावल्यापास्नं डाग काळं पडाय लागल्यात."

"पडू देत. घाबरू नका. सुरुवातीला असं वाटतं."

"पर लई काळं पडाय लागल्यात. पुसलं तरी जाईनात. किरमीत काय असंल ओ तसलं?"

"पुसून कसे जातील बाई? सहा-आठ आठवडे लागतात. मधेच बंद करू नका. रोज लावत राहा."

"मग लावू?"

"लावा."

हे माझे शब्द. मी कितीदा तरी मनात उलटेपालटे करून बघितले, त्यातून दुसरा अर्थ निघत नाही. लावा म्हणाले मी.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती आली. सकाळची वेळ, दुकान नुकतंच उघडलेलं. सोबत नवरा, त्याच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी आणि कापडी पिशवी. स्कार्फ नव्हता. मी तोंडाकडं बघितलं आणि आधी मला आनंद झाला, हे कबूल करते. वांग जवळजवळ गेलं होतं. तोंड उजळलं होतं.

"अगं, डाग गेले की! सिरम लागू पडलं."

मग मला तिच्या पापण्या दिसल्या. सुजून टंब. गालही उजळलेले नव्हते नुसते, फुगलेले होते. चपलेचा पट्टा पायात रुतला होता. चिठ्ठीवर सूज उतरवायची, लघवी जास्त व्हायची गोळी लिहिली होती. गावातल्या डॉक्टरनं दोन आठवड्यांची दिली होती.

"लघवीला फेस येतो का?" मी हळू आवाजात विचारलं.

"व्हय. निरम्यागत."

लघवीला असा फेस म्हणजे बहुतेक वेळा अंगातलं प्रोटीन मूत्रपिंडातून वाहून जातंय. बारीक जाळीची चाळण फाटावी तसं. सिरमनं असं होत नाही. मी विचार करत होते आणि तेवढ्यात मला तो फोन आठवला.

"रूपाली, तू तर फोनवर म्हणाली होतीस डाग काळे पडतायत. आणि इथं तर डाग गेलेत."

"तोंडावरचं न्हवं ओ मॅडम," ती म्हणाली. "पैंजणाचं डाग."

नवऱ्यानं पिशवी काउंटरवर उलटी केली. पंधरा-वीस पैंजण. चांदी पांढरीशुभ्र, पण कड्यांवर जागोजागी काळपट ठिपके, बोटांच्या टोकांएवढे. 

आमच्याकडं दागिन्याला डाग म्हणतात. मला काय हे माहीत नव्हतं? माझ्या लग्नात अम्मीनं पाच डाग घातले होते, आणि कोणते कोणते ते ती अख्ख्या गल्लीला सांगत फिरली होती. हा शब्द मी दुधाबरोबर प्यायलेय. पण मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहून मला डाग म्हणजे तोंडावरचाच ऐकू आला, आणि किरीम म्हणजे मी दिलेलं सिरमच.

नवरा म्हणाला, "व्यापाऱ्यानं माल दोनदा माघारी धाडला. चांदी धुवायचं तेजाब बदललं, पालिशवाला बदलला. आई म्हणती, हिच्या अंगात उष्णता हाय, हिचा हात लागला की चांदी काळी पडती. म्हणून हिला पॅकिंगला बसवायची बंद केली."

"मला वाटायचं किरमीनं हुतंय," रूपाली म्हणाली. "किरीम लावलेल्या बोटांचंच ठिपकं उठत्यात. म्हणून तुमाला इचारलतं. तुमी शिकलेल्या, म्हटलं औषधातलं कळंल."

"कुठली क्रीम? आण इकडं."

तिनं पर्समधनं डबी काढली. चपटी, पांढरी, झाकणावर गोऱ्यापान बाईचं चित्र. घरोघरी टिकल्या-बांगड्यांची कटलरी विकत फिरणाऱ्या एका बाईकडनं घेतलेली. मी सिरम दिलं त्याच्या आधी पंधरा दिवस तिनं ती लावायला सुरुवात केली होती. सिरम लावून वरनं क्रीम लावली की लवकर गुण येतो, असं त्या बाईनंच सांगितलं होतं. लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, पत्ता नाही. मी चष्मा पुसून बुडाखालची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. सोनं आणि चांदी यांना लागू देऊ नये, असं लिहिलं होतं.

असं लिहायला लागावं अशी तोंडाला लावायची क्रीम फार करून एकाच गोष्टीची असते. पारा. पाऱ्यानं चांदी काळवंडते आणि कातडी भराभर उजळते, कारण कातडीत रंग तयार होणंच तो थांबवतो. आणि कातडीतनं आत उतरून मूत्रपिंडात जाऊन बसतो. आपल्याकडं तोंडाला लावायच्या मालात तो घालायला बंदी आहे. म्हणूनच असल्या डब्यांवर पत्ता नसतो.

"म्हंजे चांदीनं वळखलं," नवरा म्हणाला. तो खाली मान घालून पैंजण पिशवीत भरत होता.

मी क्रीम तिथंच बंद करायला सांगितली. टॉवेल, उशीचे अभ्रे वेगळे करा म्हटलं. घरात अजून कोण लावतं विचारलं. कुणी नाही, महाग म्हणून ती एकटीच लपवून लावायची. मग किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दोघांना रिक्षात बसवलं. डबी मी कागदात गुंडाळून ठेवून घेतली.

अण्णा हे सगळं गल्ल्यावरनं बघत होते. ती गेल्यावर म्हणाले, "डबी कशाला ठेवलीसा?"

"औषध निरीक्षकांकडं द्यायचीय."

"आपण इकली न्हाय न्हवं? मग आपल्याला काय घेणं? उद्या दुकानाचं नाव येईल, पठाण मॅडमच्या गिऱ्हाइकाची किडनी गेली म्हणून."

"खरंच आहे की ते."

"काय खरं हाय?"

"तिनं मला फोन करून विचारलं होतं, अण्णा. मी लावत राहा म्हणाले."

अण्णा जैन, हिशेबाला पक्के, पण माणूस वाईट नाही. त्यांनी गल्ल्याला कुलूप लावलं. मग म्हणाले, "हे कुणाला सांगू नगासा." आणि चपला घालत म्हणाले, "चला, मी गाडी काढतो."

निरीक्षकांनी डबी घेतली, तपासायला पाठवली. आत पारा निघाला, आणि थोडाथोडका नव्हे. कटलरीवाली बाई त्यानंतर हुपरीत फिरकलीच नाही. कुठल्या तरी दुसऱ्या गावात स्कार्फवाल्या बायका तिच्यापुढं बसल्या असतील.

रूपालीच्या रक्तात आणि लघवीतही पारा निघाला. डॉक्टर म्हणाले, असल्या किडन्या बऱ्याच वेळा क्रीम बंद केल्यावर सुधारतात, जितकं लवकर बंद तितकं बरं. मी विचारलं, दोन-अडीच महिने आधी बंद झाली असती तर? त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं. ते सहज म्हणाले, मग ही वेळच आली नसती. मधे त्याच दुखण्यानं तिच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, बारा दिवस दवाखान्यात काढले. दिराचं लग्न त्याच बारा दिवसांत झालं. हळदीला कोण पुढं होतं ते मी विचारलं नाही.

वर्षभरानं ती दुकानात आली. सूज नव्हती, पण अंगातलं पाणीच गेल्यासारखी वाळली होती. बिनमिठाचं जेवण, सहा गोळ्या, दर महिन्याला तपासणी. एकच किडनी नव्हे, दोन्हीही निम्म्यानंच चालतात, आणि पुढं काय ते डॉक्टर सांगत नाहीत. झाळकाम बंद. वांग परत आलं होतं, पहिल्यापेक्षा गडद.

"सनस्क्रीन द्या," ती म्हणाली. "तुमी पयलं सांगितल्यालं ते."

मी ते कागदी पिशवीत घातलं. वर्षभर बोलायचं राहिलेलं शेवटी बोलले. "मी चुकले रूपाली. त्या दिवशी फोनवर."

"तुमी कुठं चुकलासा? मीच पयल्या दिवशी सांगितलं न्हाय. तुमी रागावशीला म्हणून." तिनं पिशवी घेतली, दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "पर फोनवर मी इचारलतं न्हवं मॅडम. नीट इचारलतं."

"व्हय," मी म्हणाले. "नीटच विचारलं होतंस."

आता कुणीही डाग म्हटलं की मी विचारते, कुठला डाग? तोंडावरचा का अंगावर घालायचा? दुकानातल्या पोरी हसतात. मॅडमला म्हातारचळ लागलाय म्हणतात. म्हणू देत. आणि आधीपासून काय लावताय हे विचारायचं असलं की मी ओरडत नाही, काउंटरच्या बाहेर येते, बाजूच्या बाकड्यावर बसते आणि पर्समधली डबी हातात येईपर्यंत उठत नाही. मागचं गिऱ्हाईक ओरडतं. त्याला मी थांबवते.