आप्पांच्या भिंतीवरची पुराची रेघ

पडद्यावरच्या नकाशात कुंभार गल्ली हिरवी दिसली आणि माझं डोकं फिरलं.

सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं आमचं गाव. नाव मुद्दामच सांगत नाही. मी तिथे नगरपालिकेत इंजिनिअर होते. मूळची वडूजची. लहानपण टँकरमागे घागर घेऊन पळण्यात गेलं आणि नोकरी पुरामागे पळण्यात. तर गावासाठी पुढच्या पन्नास वर्षांचं 'पूर व्हिजन' तयार होत होतं. कन्सल्टंट बाहेरचे. त्यांनी आधी एका समुद्रकाठच्या शहराचं असंच व्हिजन केलेलं. समुद्र वर चढतोय, तर वस्ती कुठली हलवायची, भिंत कुठे बांधायची वगैरे. तोच फॉर्म त्यांनी आमच्याकडे आणला. पहिल्या मसुद्यात तर खारफुटी लावायची शिफारस होती. ती मी खोडली तेव्हा त्यांना वाईट वाटलं.

नकाशात तांबडा रंग म्हणजे पूर आला की आधी इथे बोट. हिरवा म्हणजे घरातच थांबा.

"कुंभार गल्ली हिरवी कशी?" मी विचारलं. "गेल्या पुरात मी स्वतः तिथे बोटीत होते."

"मॅडम, घरोघरी सर्व्हे झालाय. सरासरी पाणी दोन फूट. डेटा आहे," कन्सल्टंट म्हणाले.

"उद्या सभेत मंजुरी आहे," आमचे मुख्याधिकारी म्हणाले. "आता फाटे फोडू नका."

मंजुरी झाली की बोटींची यादी याच नकाशावरून होणार. त्या गल्लीत फौजेतून रिटायर झालेले सुभेदार आप्पा राहतात. त्यांच्या पत्नी ताईअक्का अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. गेल्या पुरात त्यांना खाटेसकट बोटीत घेतलं होतं. खाटेचा एक पाय माझ्या हातात होता. त्यामुळे 'डेटा आहे' हे ऐकून मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

मीटिंग संपल्या संपल्या गल्ली गाठली. आप्पा घरातच होते.

"आप्पा, सर्व्हेच्या पोरांना पाणी किती आलेलं म्हणून सांगितलंत?"

"मी कशाला सांगतुय? रेघ हाय की." पूर ओसरला की आप्पा भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारतात. पट्टी लावून, फौजी शिस्तीत. "पोरांनी टेप लावला, दोन फूट लिवलं आन् चा पिऊन गेली."

रेघ माझ्या गुडघ्याच्या जरा वर होती. पण त्या दिवशी याच दारात बोट तरंगत होती! मग माझं लक्ष छताकडे गेलं. पंखा आप्पांच्या टोपीला घासायचाच बाकी होता.

"आप्पा, पंखा खाली आलाय की तुम्ही वर गेलाय?"

"आवं, मुरूम टाकला की! आख्ख्या गल्लीनं टाकला. साडेतीन फूट जोतं उचललं. दर खेपेला चिखलात बसायला आमी काय येडं हाय व्हय?"

मी कपाळाला हात लावला. फरशी वर आली, रेघ जागेवर राहिली, आणि पोरांनी नव्या फरशीवरून जुना पूर मोजला.

आमच्या धंद्यात उंची फरशीवरून धरत नाहीत. गावात एक ठरलेला दगड असतो, बेंचमार्क. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की माहीत असते. तिथून दुर्बिणीनं बाकीच्या उंच्या काढायच्या. म्हणजे आमच्या गावातला ओटासुद्धा समुद्रापासूनच मोजायचा. समुद्राचं व्हिजन करून आलेली माणसं नेमकं तेच विसरली होती.

ऑफिसातलं यंत्र आणलं. स्टाफ, म्हणजे उंच मोजपट्टी, आप्पांनीच धरली, एकदम सावधानमध्ये. रेघेच्या उंचीवरून हिशेब केला, तर गेल्या पुरात रस्त्यावर पाणी निघालं साडेपाच फूट.

"पण घरात दोनच ना?" कन्सल्टंट फोनवर म्हणाले.

"घरात दोन, दाराबाहेर साडेपाच. आजारी बाईनं दवाखान्यात पोहत जायचं का?"

मुख्याधिकारी म्हणाले, "मंजुरीनंतर दुरुस्ती करू."

"मग माझी सहीपण मंजुरीनंतर."

सभेच्या आधी गल्ली तांबडी झाली.

पुढचा पूर आला तेव्हा मी रिटायर झाले होते. काठावर उभी राहून बघत होते. पहिली बोट कुंभार गल्लीत गेली. ताईअक्का खाटेसकट बाहेर आल्या. मला बघून त्यांनी लुळा नसलेला हात वर केला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पाणी ओसरल्यावर महिन्याभरानं मी भेटायला गेले. भिंत कोरी करकरीत, नवा रंग.

"आप्पा, रेघ कुठाय?"

"नातीला बघाय पावनं येनार हायती. पुराचं घर म्हनत्याली. रंग मारून टाकला. आन् आनखी फूटभर मुरूम टाकला. लय झ्याक झालंय बगा."

वर बघितलं. पंखा काढून टाकला होता.

पूर किती आला हे, ज्याला परत त्याच घरात राहायचंय, त्याला विचारू नये. दगडाला विचारावं.