गाठीचं घर धुतलं तेव्हा

आमच्याकडं प्लेगला गाठीचा आजार म्हणायचे. त्या साली अख्ख्या गावात तो एकालाच झाला, तोही आमच्याच घरात, माझ्या थोरल्या जाऊबाईंना. विधवा बाई, लेकरूबाळ नाही, घरचं निम्मं काम त्यांच्या अंगावर. कणगीमागं मेलेले उंदीर निघाले तेव्हा पुरुष मंडळी नाकाला धोतर लावून अंगणात उभी, आणि जाऊबाईंनी एकेक उंदीर शेपटीला धरून बाहेर फेकला. चार दिवसांनी काखेत गाठ आली. त्यांना शेतातल्या खोपीत नेऊन ठेवलं. भाकर-पाणी लांबूनच दगडावर ठेवायचं. सगळ्यांनी त्यांना गेल्यातच जमा धरलं होतं, पण बाई चिवट! गाठ फुटली, ताप उतरला आणि त्यांचा निरोप आला, "मी बरी झाले. घरी येऊ का?"

सासऱ्यांनी उलट निरोप धाडला, "आधी घर साफ होऊ दे."

मग काय विचारता! तालुक्याहून सफाईचा जमादार आला. निजामाचा माणूस, रुबाब काही विचारू नका. आत ऊन पडावं म्हणून त्यानं चांगल्या धाब्याच्या छताला हे एवढं भगदाड पाडायला लावलं. गोधड्या जाळल्या, भिंतींना चुना फासला, जमिनीवर फिनेल ओतलं. त्याची पाठ वळली तशी सासूबाईंनी कपाळावर हात मारला, "अगं बया, घर बाटवलं की मेल्यानं!" आणि मला शेणानं सारवायला लावलं. वर गोमूत्र शिंपडलं. दुसऱ्या दिवशी जमादार आला, जमीन हुंगून भडकला, "दवा कहाँ गयी?" पुन्हा फिनेल. तो गेला की पुन्हा शेण. असं तीन दिवस चाललं. सोलून निघाले ते माझे हात. शेवटी जमादारच कंटाळला. दारावर खडूनं उर्दूत काहीतरी खरडून म्हणाला, "मकान बराबर साफ है." वाचता कोणालाच येत नव्हतं, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

जाऊबाई आल्या. नुसती हाडं आणि लुगडं. जवळ कोणीच गेलं नाही. त्यांनी आपली आपण आंघोळ केली, चूल पेटवली, भाकरी थापल्या आणि हाक मारली, "चला, बसा जेवायला."

सासरे खाकरले. "आज उपास हाय मला."

"मलाबी," सासूबाई म्हणाल्या.

माझा नवरा तर एकादशीलाही चोरून भाकर खाणारा. तोही म्हणाला, "माझाबी उपास हाय."

"काहून? आज कोनता वार हाय?" जाऊबाईंनी विचारलं. सासरे छताच्या भगदाडाकडं बघू लागले.

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नांदायला आल्यापासून माझ्या वाट्याच्या शिव्या या बाईनं खाल्ल्या होत्या. पोटात भूक कडकडून लागली होती. मी मान खाली घातली नि म्हणाले, "माझाबी." अजून स्वतःची लाज वाटते मला.

जाऊबाईंनी तिथंच बसून एक भाकर सावकाश खाल्ली. उरलेल्या पदरात बांधल्या आणि खोपीकडं चालू लागल्या. त्या बांधापलीकडं गेल्या तशी सासूबाईंनी मला दुसरं पीठ काढून दिलं. मी मळलं, भाकरी केल्या, आणि आम्ही सगळे पोटभर जेवलो.