रडायचं प्रशिक्षण

“वाक. अजून वाक. मागायला आलेला माणूस असा ताठ उभा राहतो का?”

प्रशिक्षक इंग्रजीत म्हणाले आणि हॉल हसला. मी वाकले. चेन्नईतल्या एका विद्यापीठाचा गारठलेला एसी हॉल. पुढे प्लायवुडचा खोटा काउंटर ठोकलेला. त्याला काच. काचेला खाली अर्धगोल भोक. आत फिरती खुर्ची, खुर्चीवर माझ्यासारखीच नवीन लागलेली सेल्वी. बाहेर मी. भोक कमरेच्या उंचीवर होतं. खऱ्या खिडक्या अशाच असतात. तोंड तिथपर्यंत न्यायचं तर पाठ वाकवावीच लागते.

“मॅडम, माझं हॉल तिकीट मिळालं नाही,” मी म्हटलं.

“आवाजात रडू पाहिजे. थोडी रड.”

मी रडल्यासारखं केलं. सेल्वीने शिकवल्याप्रमाणे गोड हसून सांगितलं, “सोमवारी या.” टाळ्या वाजल्या. तिच्यासाठी.

याला शैक्षणिक प्रशासनाचं प्रशिक्षण म्हणतात. विद्यापीठात नवीन लागलेल्या प्रत्येकाला ते करावंच लागतं. प्रवेश कसे द्यायचे, परीक्षेचे अर्ज कसे तपासायचे, फाईल कुठून कुठे जाते, नियमात न बसणाऱ्याला परत कसं पाठवायचं. शेवटी प्रशिक्षक शेरा देतात आणि त्या शेऱ्यावर नोकरी कायम होते. नवरा शहराबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात कंत्राटावर. कंत्राट कधी तुटेल त्याचा भरवसा नाही. घरात कायमची नोकरी आली तर ती माझीच येणार होती. म्हणून मी वाकत होते. हे आधीच सांगून टाकते, उगाच मला कुणी शूर समजू नये.

खिडकीच्या सरावाचा नियम साधा होता. आळीपाळीने एकाने आत बसायचं, एकाने बाहेर उभं राहायचं. बाहेरच्याने गयावया करायची. आतल्याने आवाज न चढवता त्याला वाटेला लावायचं. “नाही म्हणू नका,” प्रशिक्षक शिकवायचे. “नाही म्हटलं की माणूस भांडतो. सोमवारी या म्हटलं की तो सोमवारी येतो.” सगळे वहीत लिहून घ्यायचे. मीही लिहिलं. पहिल्या दिवशी पाळ्या बरोबर फिरल्या. मी बाहेर उभी राहिले, मग आतही बसले. मी आतून काय बोलले ते प्रशिक्षकांना आवडलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली होती.

मग दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली.

प्रशिक्षक म्हणजे निवृत्त उपकुलसचिव. तंजावरकडचे जुने मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वाढलेलं घर, पण मराठी टिकवलेली. मी नवऱ्याशी फोनवर बोलत होते ते त्यांनी ऐकलं आणि डबा घेऊन माझ्या समोरच येऊन बसले.

“अग, तू मराठी म्हणून सांगितली नाहींस की! अम्हीही मराठीच. तंजावूरचे.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. या शहरात येऊन मला बरेच दिवस झाले होते. तमिळ शिकले होते, भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकी, कंडक्टरशी भांडण्याइतकी. पण ऑफिसात कुणी माझ्याशी मराठीत बोललं नव्हतं. त्यांची मराठी वेगळी होती, जुनी, तमिळ हेल काढत बोललेली. मला ती गोड लागली. हो, गोडच लागली. आज ते आठवलं की स्वतःची चीड येते.

“घरची पोळी अहे. घे.” त्यांनी डबा पुढे केला. पुरणाची होती. मग विचारलं, “अडनांव काय तुम्चं?”

मी सांगितलं. त्यांना काही बोध झाला नाही. गाव विचारलं. परभणीकडचं, म्हटलं. तेही त्यांना कळलं नाही.

“म्हणजे कोण लोक?”

“बौद्ध.”

“ते बरं. त्याच्या अगोदर कोण?”

मी तेही सांगितलं. मला सांगायला कधीच लाज वाटलेली नाही. माझा हात पोळीकडे निघाला होता. डब्याचं झाकण लागलं. घाईने नाही, रागाने नाही. जेवण झाल्यावर माणूस झाकण लावतो तसं सावकाश. आत पोळ्या शिल्लक होत्या.

“ओहो. बरं, बरं,” ते म्हणाले आणि उठले.

त्यानंतर ते माझ्याशी मराठीत बोलले नाहीत. इंग्रजीत बोलले. दुपारपासून माझी बाहेरची पाळी संपेना. कधी मी नापास झालेली पोरगी, कधी फी न भरलेली, कधी कागद हरवलेली. बाकीचे आत बसून जात, शाबासकी घेऊन उठत. मी बाहेरच. एकदा हात वर करून म्हटलं, “सर, माझी आतली पाळी राहिली.”

“तुला शिकवावं लागत नाही,” ते हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. “मागणं तुझ्या अंगात आहे. ते इतरांना जमत नाही.”

हॉल परत हसला. त्यात सेल्वीही होती. सेल्वी चेन्नईजवळच्या कोवलमची. बापाची होडी, आई मासे विकणारी. पहिल्या दिवशी चहाला आम्ही बरोबर उभ्या होतो. हॉल असा हसला त्या संध्याकाळी मी तिला बसस्टॉपवर गाठलं आणि म्हटलं, उद्या तू तरी सरांना सांग, पाळ्या नीट लावा म्हणून.

ती खाली बघत तमिळमध्ये म्हणाली, “अक्का, तुम्हीच करा. तुम्ही नाही केलंत तर मला बोलावतील.”

खरं होतं तिचं. मला तिचा राग आला आणि अजूनही तो गेलेला नाही. पण ती खोटं बोलली नव्हती.

मागणं माझ्या अंगात आहे म्हणे. अंगात नाही, पाठीत आहे. तालुक्याच्या कॉलेजात मी शिष्यवृत्तीसाठी अशाच भोकात तोंड घालून उभी राहायचे. आतला क्लार्क पान चघळत मागच्या पोरांशी गप्पा मारायचा. आई बाहेर झाडाखाली बसलेली असायची, शेतातली मजुरी बुडवून आलेली. मी परत आले की ती काही विचारायची नाही, पदर झटकून उठायची. परत यावं लागणार हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळायचं. मी तेव्हा ठरवलं होतं, की एक दिवस काचेच्या आत बसायचं. त्यासाठी परीक्षा दिली, अख्ख्या देशातून निवड झाली, आपला मुलूख सोडून समुद्राकाठी आले. आणि इथे माझ्यासाठी प्लायवुडचं भोक तयार होतं.

शेवटच्या दिवशी कुलसचिव आले. पुढच्या रांगेत सोफा टाकला होता, हातात कॉफीचा स्टीलचा टंबलर. शिकलेलं त्यांच्यासमोर करून दाखवायचं होतं. विषय निघाला जातीच्या दाखल्याचा. दुसऱ्या राज्यातला दाखला घेऊन आलेली मुलगी, तिला परत कसं पाठवायचं. आत सेल्वी. बाहेर कोण, ते विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

मी काउंटरकडे निघाले तसे प्रशिक्षक माझ्या कानाशी आले. त्या डब्याच्या दिवसानंतर पहिल्यांदाच मराठीत बोलले.

“आज मराठींत रड. हे लोकांला समजत नाहीं, पण खरं दिसतं. जात सांगून रड.”

मी वाकले. सवयीने वाकले. भोकातून सेल्वीची ओढणी दिसत होती, तिची बोटं टेबलावर वाजत होती. माझं तोंड उघडलं. आई गेली तेव्हा मी ज्या भाषेत रडले, ती भाषा हा माणूस साहेबाच्या कॉफीबरोबर वाढायला मागत होता. आणि या हॉलमध्ये ती भाषा फक्त त्यालाच कळत होती. बाकीच्यांच्या इंग्रजीचं, तमिळचं मला तेवढं लागलं नव्हतं. पण मराठीत? माझ्या आईच्या भाषेत? 

मी पाठ सरळ केली.

“मी रडणार नाही,” मी त्यांच्याकडे बघून मराठीत म्हटलं. मग हॉलकडे वळले आणि सगळ्यांना कळावं म्हणून तेच तमिळमध्ये म्हटलं, “नान अळ माट्टेन.”

कुणी हसलं नाही. मी काउंटरला वळसा घातला. त्या खोट्या काउंटरला दारच नव्हतं. बाजू सगळी उघडी होती. इतके दिवस मी कधीही चालत आत जाऊ शकले असते. मी आत गेले.

“सेल्वी, ऊठ. माझी पाळी आहे.”

सेल्वी उठली नाही. तिने प्रशिक्षकांकडे बघितलं. मग मी पहिल्या रांगेतली एक खुर्ची ओढत आणली, तिच्या शेजारी टाकली आणि बसले. 

“सर,” मी म्हटलं, “आता तुम्ही बाहेर उभे राहा. तुमची पाळी एकदाही आली नाही.”

ते लालबुंद झाले. मला वाटलं, आता कुलसचिव काहीतरी बोलतील. विचारतील तरी, ही बाई काय म्हणते आहे. त्यांनी घड्याळ बघितलं. “वेळ कमी आहे, पुढचं घेऊ या,” म्हणाले आणि उरलेली कॉफी प्यायले. मला हॉलबाहेर जायला सांगितलं. मी गेले. मागे कुणी आलं नाही.

शेरा आला. वर्तन अनुचित, सहकार्याची वृत्ती नाही, प्रशिक्षण पुन्हा घ्यावे. प्रोबेशन वाढलं. सेल्वी कायम झाली. तिने पेढे वाटले, माझ्या टेबलावरही एक ठेवला. मी खाल्ला नाही.

मी लेखी तक्रार केली. डबा, पाळ्या, मराठीत रड, सगळं लिहिलं. तक्रार बघणाऱ्या अधिकाऱ्याने मला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात म्हटलं, “मागे घ्या. मोठा माणूस आहे. शिवाय तुमच्याच भाषेचा, तुमच्यातलाच ना?” मी म्हटलं, “भाषेचा आहे. म्हणूनच मागे घेणार नाही.” नवऱ्याला मी घरी सगळं सांगितलं. त्याचं कंत्राट याच महिन्यात संपतंय. तो एवढंच म्हणाला, “जेवून घे.”

नवीन तुकडीचं प्रशिक्षण सोमवारी सुरू होतंय. तोच हॉल, तेच प्रशिक्षक. यादीत माझं नाव आहे.

सोमवारी मी जाणार आहे. सगळ्यांच्या आधी जाऊन आतल्या खुर्चीवर बसणार आहे. बाहेर ये म्हणाले तर उठणार नाही. आणि माझ्याऐवजी दुसऱ्या कुणा पोरीला त्या भोकापुढे उभं केलं, तर मात्र मी उठणार आहे, बाहेर जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवणार आहे आणि तिला सांगणार आहे, वाकू नकोस. तिच्या भाषेत सांगेन. ती सेल्वीसारखी खाली बघेल, कदाचित मला झिडकारेलही. तरी सांगेन. नोकरी गेली तर चूल थंड पडेल हे मला ठाऊक आहे, कुणी समजावायला येऊ नये. त्यांना रडणारी पाहिजे. ती मी होणार नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसरी कुणी होऊ देणार नाही.